बेहेऱ्यांची डिस्क गेली

जयप्रकाश बेहेऱ्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट तीन कोटेशनं घेतल्याशिवाय घेतली नव्हती. तळोज्याच्या कारखान्यात परचेस खातं सांभाळता सांभाळता ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. फ्रीज असो, चष्मा असो, गणपतीची मूर्ती असो, तीन ठिकाणचे भाव आलेच पाहिजेत. सर्वांत कमी भाव तो एल-वन, त्याच्यावरचा एल-टू, त्याच्यावरचा एल-थ्री. एल-वनला सोडून दुसऱ्याला ऑर्डर देणारा माणूस, बेहेरेकाकांच्या मते, एक तर लाच खात असणार, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला असणार. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी मोजून तीनच मुली पाहिल्या होत्या आणि तिसरीला होकार दिला होता. "म्हणजे मी एल-वन होते का हो?" असं वैजयंतीबाई लग्न झाल्यापासून विचारत आल्या होत्या, आणि काका लग्न झाल्यापासून त्या प्रश्नाला पेपर आडवा धरत आले होते.

अशा माणसाच्या गाडीचे ब्रेक गेले.

एकदम गेले असते तर बरं झालं असतं. ते जरा जरा करत गेले. लाल रंगाची छोटी गाडी रोज नेरूळहून तळोज्याला जायची आणि परत यायची, आणि या धावपळीत तिला कंठ फुटला. आधी थांबताना बारीक शिट्टी वाजायची, मग त्या शिट्टीची किंकाळी झाली. सोसायटीचा वॉचमन किंकाळी ऐकून गेट उघडायला लागला. वैजयंतीबाई दुसऱ्या मजल्यावर ती ऐकून तवा गॅसवर ठेवायला लागल्या. काकांना हे सोयीचंच वाटत होतं. हॉर्न झिजत नव्हता. आडनाव बेहेरे, पण ब्रेकच्या बाबतीत हा माणूस चक्क बहिरा होता.

त्यांचे कान उघडले ते अळूच्या फदफद्याने.

गेल्या रविवारी वैजयंतीबाई कोपरखैरण्याला बहिणीकडे, विजयमालाकडे, निघाल्या होत्या. अंगावर नवी नारायणपेठी, मांडीवर पातेलंभर फदफदं. पाम बीच रोडवर सारसोळ्याच्या सिग्नलला काकांनी ब्रेक दाबला. गाडी आधी किंचाळली, मग स्टेअरिंगसकट थरथरली, मग थांबू का, थांबू का असं विचारत विचारत पुढे सरकली, आणि शेवटी कुणीतरी मागून शेपूट ओढल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. फदफदं मात्र थांबलं नाही. ते नारायणपेठीच्या काठापासून पदरापर्यंत जाऊन आलं.

विजयमालाचा नवरा सुधीर, म्हणजे काकांचा साडू, दारातच उभा होता. त्याच्याकडे गेल्या दिवाळीपासून उंच, पांढरी, नवीकोरी गाडी होती आणि तिच्याविषयी न बोलता त्याला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं.

"जयप्रकाशराव," तो म्हणाला, "एक तर गाडी बदला, नाहीतर ताईंना रेनकोट घ्या."

सगळे हसले. वैजयंतीबाई हसल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी साडी भिजत घातली आणि निकाल सांगितला.

"शनिवारी पेणला माझ्या अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तोवर ब्रेक झाले तर मी तुमच्याबरोबर येईन. नाहीतर सुधीररावांच्या गाडीतून जाईन. त्यांच्या गाडीत म्हणे वाटीतलं ताकसुद्धा हलत नाही."

काकांच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. सासुरवाडीच्या अंगणात अख्खं गोत जमलेलं, आणि त्यात आपली बायको साडूच्या गाडीतून उतरतेय, आपण मागून एकटेच किंचाळत येतोय. जावयाने आजवर जपलेला मान एका फेरीत भंगारात.

सोमवारपासून काका कोटेशनांच्या मागे लागले. आधी गेले कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. तिथे गार हवा होती आणि कॉफी होती. टॅबवर बोट फिरवत एका मुलीने गोड आवाजात आकडा सांगितला. तो ऐकून काकांनी कॉफीचा कप अर्धाच खाली ठेवला, न जाणो, उरलेली बिलात लावतील. हा एल-थ्री.

मंगळवारी सारसोळ्याला कल्पेशच्या गॅरेजमध्ये गेले. कल्पेश तिथलाच. घरची होडी भावाकडे आणि गॅरेज याच्याकडे. गळ्यात चेन, तोंडाला कुलूप नाही. त्याने पुढचं चाक काढून काकांचं बोट धरलं आणि डिस्कच्या कडेवरून फिरवलं. चकतीची कड उंच, मधला भाग खोलगट.

"काका, ही डिस्क हाय का जेवायची ताटली?"

"लेथवर घासून सपाट नाही का होणार?"

"घासाला जाडी तर पायजे! तुमची पापडावानी झाली. आनि पॅडचा मसाला संपून पत्रा लागलाय. तोच तर बोंबलतंय." आणि त्याने भाव सांगितला. डिस्क-पॅड ओरिजिनल नव्हेत, पण नाव असलेल्या कंपनीचे, वर्षाची गॅरंटी, दोन्ही बाजू एकदम. सर्व्हिस सेंटरच्या निम्म्याहून थोडा जास्त. हा एल-टू.

मंगळवारीच संध्याकाळी मोबाइलवर तिसरं कोटेशन सापडलं आणि काकांचा जीव त्याच्यावर जडला. डिस्कची जोडी, पॅडचा सेट आणि वर कीचेन फ्री. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. खोक्यावर गरुडाचं चित्र तेवढं होतं. भाव मात्र असा, की तेवढ्यात नारायणपेठीचं ड्रायक्लीनिंगही झालं नसतं. एल-वन! पण मनात कुठेतरी कुसळ टोचत होतं. गरुड उडायचं काम करतो, थांबायचं नाही.

म्हणून बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायचं ठरवलं. काकांनी तारेचा जमाना पाहिलेला. शब्दागणिक पैसे पडतात ही धास्ती अजून बोटांत होती. त्यांनी लिहिलं:

"डिस्क पूर्ण झिजली. पॅड संपले. ओरिजिनलचा खर्च झेपत नाही. स्वस्तातली टाकली तर चालेल का? अनुभव असल्यास कळवा. शनिवारच्या आत उरकायचे आहे. बेहेरे, बी विंग."

या अख्ख्या मजकुरात 'गाडी' हा शब्द नव्हता. तो काटकसरीत गेला होता.

पहिलं उत्तर आलं रावसाहेबांचं. रावसाहेब सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याची टाकी असो वा कुणाचं बारसं, प्रत्येक गोष्ट त्यांच्या सहीने व्हावी असा त्यांचा आग्रह.

"अरे बापरे बेहेरे! कधीपासून?"

"वर्ष झालं. आधी नुसता आवाज यायचा. आता थरथरतंही."

"आवाज?"

"हो. थांबताना. वॉचमनलासुद्धा ऐकू जातो."

मग ए विंगमधली रुतिका आली. रुतिका नुकतीच फिजिओथेरपिस्ट झाली होती आणि पहिल्या पेशंटच्या शोधात होती. तिने विचारलं, "काका, एल-फोर, एल-फाइव्ह का?"

डबा खाता खाता काका थक्क झाले. पोरीला परचेसमधलं कळतं! पण पाच कोटेशनं? त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं, "नाही गं. माझ्याकडे तीनच आहेत. एल-वन, एल-टू, एल-थ्री."

"तिन्ही???" रुतिकाने लिहिलं, आणि पुढे डोळे विस्फारलेले चार चेहरे. "काका, प्लीज अजिबात वाकू नका!"

"मुळीच वाकणार नाही," काकांनी बाणेदारपणे उत्तर दिलं. भावात वाकायचं नाही हे त्यांना या वयात कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि मग अनुभवांचा पाऊस पडला. कुणाच्या मेव्हण्याने स्वस्तात उरकलं होतं आणि सहा महिन्यांत पुन्हा उघडावं लागलं होतं. कुणी म्हणालं, ओरिजिनल राहिली नाही म्हणून रडत बसू नका, चांगल्या कंपनीची टाका, माझ्या मामांची बाहेरची टाकलीय आणि मामा गड चढतात. कुणी बजावलं, टाकल्यावर पहिले काही दिवस झटका द्यायचा नाही, हळूहळू भार द्यायचा. हे तर कल्पेशही म्हणाला होता! नव्या डिस्कवर पहिल्या दिवशी करकचून ब्रेक मारायचा नाही, दोघांना एकमेकांची ओळख होऊ द्यायची. काकांचा ऊर भरून आला. आपल्या सोसायटीत गाड्यांची एवढी जाणकार माणसं राहतात आणि आपण त्यांना मेंटेनन्स बुडवणारे समजत होतो.

संध्याकाळी ते किंचाळत गेटातून आत आले तर वॉचमनने सॅल्यूट ठोकून बॅग हातातून घेतली. लिफ्टमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली होती. "बसा," रावसाहेब म्हणाले. "कमिटीचा ठराव झालाय."

"अहो, दोन तर मजले!"

"बसा म्हणतो ना. या दिवसांत उभं राहायचं नसतं."

काका बसले. कमिटीवर घ्यायचा विचार दिसतोय, असं त्यांना वाटून गेलं.

गुरुवारी रुतिका दार वाजवून एक खोकं देऊन गेली. दार वैजयंतीबाईंनी उघडलं होतं. सोसायटीचा ग्रुप त्यांनी पहिल्याच दिवशी म्यूट करून टाकला होता, त्यामुळे त्यांना काही पत्ता नव्हता.

"पॅड आहे," रुतिका हळू आवाजात म्हणाली. "काकांसाठी. नवीन बसेपर्यंत."

वैजयंतीबाईंनी खोकं उघडलं. आत शेकायचं, विजेवरचं हीटिंग पॅड. त्यांनी मोबाइल काढला, ग्रुप उघडला आणि वाचत वाचत स्वयंपाकघरात गेल्या. तिथून बराच वेळ प्रेशर कुकरची वाफ थोडी थोडी सुटावी तसा आवाज येत राहिला.

"काय झालं गं?" काकांनी बाहेरून विचारलं.

"ठसका लागला!"

"आणि कोण आलं होतं?"

"कुणी नाही हो. तुम्ही वाकू नका फक्त."

घरात आणि बाहेर सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हटल्यावर काकांचा निश्चय पक्का झाला. शुक्रवारी अर्धी रजा टाकून ते सारसोळ्याला पोचले.

"काय काका, तो गरुड मागवला का?" कल्पेशने विचारलं. "मना काय, मी बसवतो. फक्त उद्या पेनला जाताना कर्नाल्याला थांबायचं असंल, तर पनवेलपासून ब्रेक दाबून ठेवा."

"तुझीच टाक," काका म्हणाले. परचेस मॅनेजर जयप्रकाश बेहेरे शुद्धीवर असताना एल-वन सोडत होते.

कल्पेशच्या हातातला पाना तसाच राहिला. "भाव नाय करायचा?"

"आख्खी सोसायटी म्हणाली, स्वस्तातली टाकू नका, पुन्हा उघडावं लागतं."

"तुमच्या सोसायटीत येवरे शाने लोक हायत?"

"मलाही आत्ताच कळलं." मग सवय आडवी आलीच. "पण गाडी धुऊन देशील फुकट. आणि जुन्या डिस्क मला परत. भंगारवाला किलोवर घेतो."

"घ्या काका. भिंतीला लावा, लग्नाच्या फोटोशेजारी."

तासाभरात नव्या चकचकीत डिस्क बसल्या. काकांनी त्या चाकाच्या जाळीतून तीनदा वाकून पाहिल्या. सोसायटीचं कुणी तिथे नव्हतं म्हणून बरं. मग जुन्या डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकल्या. गाडी गेटातून आत शिरली तेव्हा कुणालाच पत्ता लागला नाही. वॉचमनने गेट उघडलं ते काकांनी उतरून ठोठावल्यावर. वैजयंतीबाईंचा तवा गॅसवर चढलेला नव्हता. घरात शिरल्यावर काकांना प्रथमच गरम पोळीसाठी वाट पाहावी लागली, पण त्यांनी तक्रार केली नाही. उद्या काय ते कळणारच होतं.

शनिवारी सकाळी, पेणला निघण्याआधी, काका एकटेच पाम बीच रोडवर गेले. गाडी वेगात न्यायची, ब्रेक हलकेच दाबून वेग उतरवायचा, पुन्हा वाढवायचा, पुन्हा उतरवायचा. कल्पेशने सांगितल्याप्रमाणे डिस्क आणि पॅडची ओळख करून द्यायची. ओळख छान झाली. आवाज नाही, थरथर नाही. गाडी अशी थांबत होती, जसा एखादा शहाणा माणूस बोलायचा थांबतो. काका स्वतःशीच शीळ वाजवायला लागले. गाडीची शिट्टी बंद झाली होती, तेव्हा कुणीतरी वाजवायला हवीच होती.

इकडे सोसायटीच्या आवारात वेगळाच थाट होता. बातमी फिरत फिरत कोपरखैरण्याला पोचली होती आणि सुधीर आपली पांढरी गाडी घेऊन हजर झाला होता. मागची सीट पाडून त्याने तिथे कापसाची गादी घातली होती, वर पांढरी चादर, उशाला दोन लोड. विजयमाला पुढे बसून डोळे टिपत होती. रावसाहेब सोसायटीची चाकांची खुर्ची घेऊन गेटाकडे पाठ करून उभे होते. रुतिका कमरेचा पट्टा घेऊन तयार. आणि वैजयंतीबाई? त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांना म्हणे खाली यायला जरा वेळ लागणार होता.

"आडवं घालून नेऊ," सुधीर सांगत होता. "आमच्या गाडीत झोपलेल्याला कळतसुद्धा नाही, गाडी चालतेय ते. जयप्रकाशरावांना मी किती वेळा म्हटलं होतं, त्या डबड्यात बसून बसून..."

तेवढ्यात लाल गाडी आत आली. किंकाळी नाही, त्यामुळे कुणी वळलंच नाही. काकांनी ब्रेक दाबला. गाडी रावसाहेबांच्या मागे वीतभर अंतरावर येऊन उभी राहिली. काकांनी हॉर्न दिला. रावसाहेब उडाले ते थेट चाकांच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काका!" रुतिका ओरडली. "तुम्ही चालवताय? उतरू नका! हलू नका!"

"अगं, टाकली नवी डिस्क! काल दुपारीच," म्हणत काका टुणकन उतरले.

"काल?" सुधीर म्हणाला. "आणि आज चालताय?"

"मग! तासाभरात बसवली. बाहेर स्टुलावर चहा पीत होतो मी."

"भूल?"

"कसली भूल? व्यवस्थित लक्ष ठेवून होतो. नाहीतर जुनीच पुसून टाकतात हे लोक."

रावसाहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "बेहेरे, डॉक्टर कोण?"

"डॉक्टर कशाला? सारसोळ्याचा कल्पेश. दोन हातोडे घातले, जुनी निखळली, नवी ठोकली. जुनी मी मागून आणलीय. दाखवू?" आणि काका डिकीकडे वळले.

"नको! नको!" एकदम सगळे किंचाळले. विजयमालाने डोळ्यांवर पदर घेतला.

काकांनी डिकी उघडून वर्तमानपत्राचं गाठोडं काढलं, सोडलं, आणि खोलगट झालेली, गंजलेली लोखंडी चकती दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

गॅलरीतून हसण्याचा आवाज खाली स्वच्छ ऐकू आला. वैजयंतीबाई आता काही केल्या थांबत नव्हत्या. ठसका वगैरे म्हणायची सोयच राहिली नव्हती.

"म्हणजे..." रुतिका हळूच म्हणाली, "गाडीची?"

"मग कुणाची?"

"आणि एल-वन, एल-टू, एल-थ्री?"

"कोटेशनं. तुझे एल-फोर, एल-फाइव्ह कोण?"

"मणके, काका. कमरेचे."

काकांनी लिफ्टमधली खुर्ची आठवली, सॅल्यूट आठवला, वाकू नका, वाकू नका आठवलं. मग त्यांच्या पोटातून जे हसू उठलं त्याने हातातली डिस्क थरथरायला लागली, गाडीत असतानाही थरथरली नसेल एवढी. वॉचमन हसला, रुतिका हसली, आणि सर्वांत शेवटी, कमिटीच्या परवानगीने, रावसाहेब हसले.

सुधीर हसला नाही. त्याची गादी वाया गेली होती. "हे सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "पण ताई आमच्याच गाडीतून येणार ना? तसं ठरलंय."

हसू थांबलं. काकांनी वर पाहिलं. गॅलरी रिकामी होती.

वैजयंतीबाई जिन्यावरून उतरल्या. अंगावर धुऊन इस्त्री केलेली तीच नारायणपेठी आणि हातात काठोकाठ ताक भरलेली वाटी. त्या पांढऱ्या गाडीपाशी आल्या, आतल्या गादीकडे, लोडांकडे पाहिलं, आणि तशाच पुढे येऊन लाल गाडीत बसल्या. वाटी मांडीवर, नारायणपेठीच्या थेट काठावर.

"गेटापर्यंत न्या," त्या म्हणाल्या. "आणि मारा ब्रेक."

"करकचून नाही मारता यायचा गं. अजून नवे आहेत."

"फदफद्याच्या वेळी मारला होता, तेवढाच मारा."

काकांनी गाडी वळवली. आवारातली माणसं बाजूला झाली. गाडीने गेटाच्या दिशेने वेग घेतला, काकांनी मनातल्या मनात कल्पेशचं नाव घेतलं आणि पाय दाबला. गाडी थांबली. वाटीतलं ताक पुढच्या कडेपर्यंत गेलं, कडेवरून खाली डोकावलं, तिथे क्षणभर विचार केला आणि परत आलं.

वैजयंतीबाईंनी ताक एका घोटात पिऊन टाकलं. वाटी खिडकीतून, मागून धावत आलेल्या रुतिकाच्या हातात दिली. "तुझं पॅड वॉचमनकडे ठेवलंय गं," त्या म्हणाल्या. "सुधीररावांना दे. गादी उतरवताना लागेल." आणि खिडकीची काच वर केली.

गाडी पाम बीच रोडला लागली. वैजयंतीबाईंनी विचारलं, "कितवं कोटेशन हो हे?"

"दुसरं. एल-टू."

"अगंबाई! आयुष्यात पहिल्यांदा एल-वन सोडलात."

"दुसऱ्यांदा," काका म्हणाले. आज हातात पेपर नव्हता.

वैजयंतीबाई त्यांच्याकडे वळून बसल्या. "मग मी कोण होते?"

काकांनी आरसा नीट केला. "एल-फोर, एल-फाइव्ह," ते म्हणाले. "कणा."

"कणा, की कमरेचं दुखणं?"

समोर सारसोळ्याचा सिग्नल लाल झाला होता. काकांनी ब्रेक दाबला. कसलाही आवाज आला नाही.